दोष पंख्यांचा

मी पहिल्यांदा बाबांना ढकललं, तेव्हा सगळा दोष सर्व्हरवर गेला. वैशाली नगरच्या आमच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात तो दिवसरात्र चालू असायचा. एका बंद पडलेल्या ऑफिसातून मी तो जुना उचलून आणला होता. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट त्याच्यावर चालायच्या आणि माझं पोट त्या वेबसाइटवर. चपट्या लोखंडी डब्यात चार छोटे पंखे होते, ते किंचाळायचे. मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरत ठेवावं आणि कोणी बटणच बंद करू नये, तसं. त्या आवाजात आई, बाबा आणि मी, तिघंही ओरडून बोलायचो. 'जेवायला ये' हेसुद्धा शिवी दिल्यासारखं ऐकू यायचं.

त्या दिवशी बाबांना टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येईनात म्हणून त्यांनी सरळ सर्व्हरचा प्लग उपटला. गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले आणि माझं टाळकं सटकलं. मी दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर धक्का दिला. ते दिवाणावर आदळले, उठले आणि मला कानाखाली वाजवली. मी त्यांची कॉलर धरली. आई मधे पडली, तिची बांगडी फुटून मनगटात घुसली. खोटं कशाला बोलू, बाबांची मान माझ्या मुठीत आली तेव्हा मला बरं वाटलं होतं.

बाबा पोलादाच्या प्लांटमधल्या मिलमधून रिटायर झालेले. लहानपणी त्यांनी मला पट्ट्यानं फोडलंय, आणि पाठीवर हळद लावताना आई दरवेळी सांगायची की मिलचा आवाज त्यांच्या डोक्यात बसतो. मनगटाला फडकं बांधत आई आता तेच माझ्याबद्दल शेजारणीला सांगत होती, फक्त मिलच्या जागी माझा डबा आला होता. शेजारीण गेल्यावर मात्र मला म्हणाली, "पंखे बदलून टाक. त्याच्या बादही हात उठला, तं मी तुह्या बाबाले घेऊन रिसालीले पोरीकडे चालली जाईन."

रिसालीला माझी बहीण राहते, आणि आई बोलली की करते. चाळिशीला आलो तरी आईशिवाय मला राहता येत नाही, म्हणून त्याच रात्री मी पंखे मागवले.

नवे पंखे आले. मोठे, संथ फिरणारे. रविवारी सकाळी मी डबा उघडला आणि जुने पंखे ओढून काढले. एक तर टाचेखाली चिरडला. नवे मावेनात म्हणून पत्रा कापला, बोट चिरलं, रक्त पुसत काम चालू ठेवलं. बाबा न बोलावता स्टूल ओढून बसले. नोकरीभर त्यांनी मिलमधले ब्लोअर, हवा फेकणारे मोठे पंखे, दुरुस्त केलेले. सारखे पुढे वाकायचे, पुन्हा मागे सरकायचे.

चारही पंखे लावून सर्व्हर चालू केला. आवाजच नाही. स्वयंपाकघरातली डाळ शिजताना ऐकू येत होती. आई दारात आली आणि हळू आवाजात म्हणाली की बरं झालं. तिचा हळू आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

मग बाबांनी पेपरची एक पट्टी फाडली आणि एकेका पंख्यासमोर धरली. तीन पंख्यांनी ती आत ओढून घेतली, चौथ्यानं बाहेर उडवली. "हा उलटा बसला," ते म्हणाले. "हवा बाहेर फेकून राहिला." अगदी हळू म्हणाले. चूक माझीच होती, मला दिसतही होती, आणि तेच मला झोंबलं. मी म्हटलं, हात लावू नका. तोवर त्यांचा हात पंख्याकडे गेला होता. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्यांच्या बोटांवर मारलं आणि खांद्याला धरून भिरकावलं.

त्यांचं डोकं गोदरेजच्या कपाटावर आदळलेलं ऐकू आलं. मग त्यांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला, लहान मुलाचा निघतो तसा. पांढऱ्या केसांतून रक्त कानामागे उतरायला लागलं.

आई ओल्या हातांनी धावत आली. तिनं पदर त्यांच्या डोक्याला दाबून धरला आणि सर्व्हरकडे पाहिलं.

"आता तं हा चूप हाये," ती म्हणाली. "आता दोष कोनाले देऊ?"

बाबाच बोलले. म्हणाले, जाऊ दे, मीच मधात हात घातला.

"तुमी चूप बसा. तुमचंही मी असंच झाकलं."

तिनं माझ्या बहिणीला फोन केला, ऑटो बोलावला. बाबांच्या गोळ्या, दोन लुगडी, टॉवेल पिशवीत भरला. मी माफी मागितली, पाया पडलो, तिनं पाय मागे घेतले. ती बाबांना धरून निघाली तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. मला फक्त तिला थांबवायचं होतं. समजावायला म्हणून मी हात वर केला, आणि आईनं झटकन बाबांना आपल्या पाठीमागे घेतलं. तिचे डोळे माझ्या हातावर होते.

मी बाजूला झालो.