न वाचता वाहिलेली श्रद्धांजली

माझा ब्लॉग कोण वाचतं, हे मला कुणी विचारू नये. गेली कित्येक वर्षं मी खामगावात बसून लिहिते, घरच्यांच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर लिंक टाकते, आणि ती उघडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत 'अप्रतिम!' येतं. अरे, उघडली तरी का? एकदा लिंकऐवजी चुकून लाइटबिलाचा फोटो गेला, तर ऑफिसातल्या एकानं त्यालाही 'हृदयस्पर्शी, ताई' म्हटलं. बिल तसं होतंही, पण त्यानं ते पाहिलं नव्हतं, एवढं मी लिहून देते.

शेवटपर्यंत वाचणारे एकच, पुण्याचे एक गृहस्थ. ते माझं शुद्धलेखन तपासतात. 'काऊन' हा शब्द प्रमाण मराठीत बसत नाही, असं त्यांनी मला कितीदा तरी कळवलंय. ठाऊक आहे हो. पण आमच्याकडे 'का' विचारायला तोच लागतो.

घरातही तीच गत. बाबा माझ्याकडेच राहतात. बसचे कंडक्टर होते, सोनाळा-खामगाव फेरीवर जन्म गेला त्यांचा. मी लॅपटॉप उघडला की "बसली टकटक कराले" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतात. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून वाचणं सोडलंय, म्हणे. त्याआधी काय वाचत होते ते विचारू नका. बाकी जगानं नाही वाचलं तरी चालेल, पण बाबांनी एकदा तरी विचारावं, काय लिहिलं व, एवढीच हाव होती मला. ते काही होत नव्हतं, आणि मला त्याचा संताप यायचा.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्यावरच लिहिलं. शीर्षक दिलं 'बाबा होते म्हणून'. वर त्यांचा खाकी ड्रेसमधला फोटो लावला, आणि जरा साहित्यिक दिसावा म्हणून मीच शहाणीनं तो काळा-पांढरा केला. रविवारी सकाळी लिंक टाकली, फोन चार्जिंगला लावला आणि धुणं काढलं. दुपारी पाहते तर काय!

'भावपूर्ण श्रद्धांजली.' पहिली माझ्या चुलतभावाची. मग रांगच लागली, एकानं वाहिली की दुसरा मागे कसा राहील? ऑफिसातल्या त्या हृदयस्पर्शीनं 'अप्रतिम लेख, भावपूर्ण श्रद्धांजली' असं दोन्ही एकदमच उरकलं. चुलतवहिनीनं विचारलं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधी ठेवला? फोन मात्र एकाचाही नाही. हात जोडल्याचं चित्र पाठवलं की कर्तव्य संपलं. अन् लेखाचं शेवटचं वाक्य काय होतं? 'आज सकाळीसुद्धा चहात साखर कमी म्हणून बाबा माझ्यावर ओरडले.' मेलेला माणूस साखर मागतो का हो? पुण्याच्या गृहस्थांना तेवढं कळलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'ओरडले' नको, 'रागावले' हवे.

मी दात-ओठ खात खुलासा लिहायला घेतला, तोच दारात ऑटो थांबला. बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, धामणगाव बढेहून आली होती आणि रडतच उतरत होती. दार बाबांनी उघडलं.

"काऊन रडून राह्यली व? कोण गेलं?"

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं त्यांच्या छातीवर एक बुक्की मारली. "तूच गेला ना! पोरानं सांगतलं, मोबाइलवर आलं म्हणे!" आणि आधीपेक्षा जोरात रडायला लागली. तिला अक्षर वाचता येत नाही. एवढ्या वाचणाऱ्यांत आली तेवढी तीच.

बाबा माझ्याकडे वळले. म्हटलं, आता आपली काही खैर नाही. पण त्यांनी टीव्ही बंद केला, आत्याला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "असं काय लिहिलं व तू? वाच बरं."

मी वाचलं. कॉलेजला मी सोनाळ्याहून बाबांच्याच बसनं यायची. उशीर रोजचाच. मी रस्त्यानं पळत येताना दिसले की बाबा बेलची दोरी ओढायचे नाहीत. ड्रायव्हर बोंबलायचा, लोक कुरकुरायचे, आणि बाबा दाराशी खटपट करत म्हणायचे, "थांब ना बे, दरवाजा लागून नाही राह्यला." मी चढले की दरवाजा बरोबर लागायचा. माझ्याशी मात्र तिकिटाखेरीज एक शब्द बोलायचे नाहीत.

वाचून झालं. आत्या रडता रडता हसायला लागली होती. बाबा खाली बघत होते.

"म्हणजे तुले माहीत होतं," ते म्हणाले. "दरवाजा चांगला होता."

"हो बाबा. पहिल्यापासून."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

लिहिलं होतं की!

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातल्या साहेबांचा मेसेज. काय म्हणते, बाबांनी विचारलं. मी वाचून दाखवला, 'मृतात्म्यास शांती लाभो.'

बाबांनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"लिही त्याले," ते म्हणाले, "भेटली म्हणा."