राखणदाराचा प्रसाद

माझे धाकटे दीर पैलवान होते. घाटावरच्या एका संस्थानाने त्यांना पदरी ठेवले होते. दूध, तूप, बदाम असा खुराक दरबारातून मिळे आणि सांगतील त्या फडात ते लढत. एकदा ते दारू पिऊन फडात उतरले आणि राजेसाहेबांच्या समोर तोंडावर पडले. खुराक त्याच दिवशी बंद झाला. आंबा घाटाने उतरून ते रत्नागिरीत आमच्या दारात आले तेव्हा अंगावरचा सदरा दोन माणसांचा वाटत होता.

यजमान कचेरीत कारकून, मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. बिऱ्हाड दोन खोल्यांचे. यजमान भावाशी बोलत नसत, म्हणून जे करायचे ते मलाच करणे भाग होते. मी त्यांना सांगितले, "भाऊजी, इथे राहायचं तर विहिरीचं पाणी तुम्ही ओढायचं, सगळ्या वाडीचं. आणि ताडी-माडीच्या दुकानावरून जायचं नाही, मागच्या पाणंदीनं जायचं."

"आणि खुराक?"

"कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी. मासे आले तर मासे."

"पिठल्यावर हत्ती पोसताव काय, वैनी?"

"हत्ती कुठं आहे? मला तर रेडकू दिसतंय."

ते हसले. पहिले काही आठवडे मात्र हसण्यासारखे नव्हते. हात इतके थरथरत की भाताचा घास तोंडापर्यंत पोचेना. मग थरथर थांबली. वाडीतल्या बायका रिकामे हंडे ओळीने ठेवून गप्पा मारत बसू लागल्या. पहाटे दंड-बैठकांचा आवाज येऊ लागला, आणि यजमानांनी एकदा न बोलता त्यांच्या ताटात आपल्या वाटणीचा बांगडा वाढला.

शहरातली तालीम एका आंबेवाल्या बागायतदारांच्या आश्रयावर चाले. शिमग्यानंतर कुस्त्यांचा फडही तेच भरवत. मी त्यांच्याकडे गेले.

"पैलवान चांगला होता हो," ते म्हणाले, "पण पिणारा माणूस म्हणजे गळकं होडकं. किती उपसणार?"

"गळती थांबली की नाही, ते पाण्यात घातल्याशिवाय कसं कळणार?"

"मास्तरीणबाई, फडात तुम्हीच उतरा." मग जरा विचार करून म्हणाले, "एक कुस्ती देतो. हरला तरी हरकत नाही, शुद्धीवर लढला पाहिजे. लढला तर तालमीचा वस्ताद म्हणून ठेवून घेतो. जबाबदारी तुमची."

मी ती घेतली. वस्तादाला राहायला तालमीतच खोली होती. पोरांना डाव शिकवत त्यांचे आयुष्य सरले असते. त्यांना तेवढेच हवे होते.

कुस्तीच्या दोन दिवस आधी सासूबाईंचा निरोप आला. त्या थोरल्या दिरांकडे, संगमेश्वराच्या बाजूला आमच्या गावी असत. फडात उतरण्याआधी राखणदाराला गाऱ्हाणे घालायलाच हवे. आमच्याकडे लग्न असो, घर असो, कोर्टातला दावा असो, गावच्या राखणदाराला सांगितल्याशिवाय काही होत नाही. मी भाऊजींना घेऊन आदल्या दिवशी सकाळच्या मोटारीने गेले.

झाडाखालच्या दगडापुढे नारळ ठेवला, कोंबडा दिला. थोरल्या दिरांनी गाऱ्हाणे घातले, "बा राखणदारा, ह्या लेकराला यश दे, वाईट व्यसन लागलं असंल तां दूर कर म्हाराजा!" सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग रीतीप्रमाणे दगडावर दारू ओतली आणि उरलेली करवंटीतून प्रसाद म्हणून फिरू लागली. ती भाऊजींपुढे आली.

मी म्हटले, "त्यांना देऊ नका."

"देवाला नाय म्हणतात काय गो?" सासूबाई कडाडल्या. "ती काय दुकानातली हाय? प्रसाद हाय तो!"

"घे रं," थोरले म्हणाले. "तुझ्यासाठीच तर सगळं केलंय."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. "वैनी, नाय घेतला आणि उद्या हरलंव, तर हे जन्मभर म्हणतील." त्यांनी करवंटी तोंडाला लावली. घोटभरच असेल. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. व्यसन दूर व्हावे म्हणून त्या माउलीने उपास धरला होता.

संध्याकाळच्या मोटारीने आम्ही परत आलो. भाऊजी जेवले, झोपले. सकाळी अंथरूण रिकामे होते. विहिरीवर नव्हते, तालमीत नव्हते. यजमान माडीच्या दुकानापर्यंत जाऊन आले आणि कचेरीचा कोट न घालताच ओट्यावर बसून राहिले.

दुपारी हलगी वाजली, पुकारा झाला आणि ते फडाशी आले खरे. लंगोट कसला होता, पण पाय एका जागी ठरत नव्हते. बागायतदारांनी त्यांना मातीला पाय लावू दिला नाही. दोन माणसांनी दंडाला धरून बाजूला नेले. लोक हसले. भाऊजीही हसले. ते मला पाहवले नाही.

"बाई, जबाबदारी तुमची होती," बागायतदार म्हणाले.

"होती," मी म्हटले.

गावात निष्कर्ष ठरला तो असा, की मी ऐन प्रसादाच्या वेळी मध्ये बोलले, म्हणून राखणदार कोपला. सासूबाई मला तसे म्हणाल्या आणि दोन कोंबड्यांचा नवस बोलल्या.

भाऊजी काही दिवस पाणी ओढत राहिले. मग वाडीतल्या बायका आपापले हंडे आपणच भरू लागल्या.

बागायतदार दयाळू होते. पुढच्या फडाच्या वेळी पदर पसरला असता, तर त्यांनी आणखी एक कुस्ती दिलीही असती. मी गेले नाही. कुस्ती मिळाली असती, तर ती गावाला कळली असती, आणि गावाने पुन्हा त्यांच्यासाठी गाऱ्हाणे घातले असते.