अर्धी विणलेली रॅकेट

आमच्या घरात एकही बाज नव्हती. आप्पा लोकांच्या बाजा विणायचे, आई जुन्या दोऱ्या सोडवून, धुऊन, पीळ काढून द्यायची आणि आम्ही चौघं खाली गोधडीवर झोपायचो. आप्पा सायकलला दोरीची बंडलं बांधून जालन्याच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायचे. नायलॉन ओढून ओढून त्यांच्या बोटांना आडव्या खाचा पडल्या होत्या. जेवताना त्यात मीठ गेलं की हात झटकायचे आणि आमच्याकडे बघून हसायचे.

मी सहावीत असताना त्यांनी एका मोठ्या घरची बाज विणली. तिच्या पायाला चीर होती. आप्पांना ती दिसली होती. पण आधीपासूनच आहे म्हणून सांगितलं तर लोक म्हणणार, तूच पाडलीस. ते गप्प बसले. आठ दिवसांत पाय मोडला आणि त्या घरची म्हातारी खाली आली. तिची मुलं आमच्या दारात येऊन आईसमोर, आमच्यासमोर आप्पांना वाटेल ते बोलली आणि सायकल उचलून नाल्यात फेकून गेली. त्या भागातलं काम बंद झालं. पुढची दोन वर्षं आईनं लोकांची भांडी घासली आणि मी एकाच युनिफॉर्मवर शाळा केली. तो ओला असेल त्या दिवशी ओलाच घालायचा.

आपल्या हातून काही मोडलं तरी गप्प बसायचं आणि मोडलं नाही तरी गप्पच बसायचं, एवढं मी त्यातून शिकले.

तेवढं शिकूनच मी वसतिगृहात राहिले, सरकारी कॉलेजात इंजिनिअर झाले आणि शिष्यवृत्तीवर डॉक्टरेट करायला सिंगापूरला आले. कॉलेजच्या दारातून आत गेलेली आमच्या घरातली मी पहिली. हे मी मिरवून सांगते. माझ्यासाठी मिरवायला दुसरं कोण होतं?

विषय होता कृत्रिम धागे, ते ताणाखाली कसे वागतात ते. तिथल्या क्लेमेंटी भागात एका आंटीच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली होती. गाइडची ईमेल दिसली की ती उघडण्याआधी मी उठून पाणी पिऊन यायची. मीटिंगमध्ये काही कळलं नाही तरी 'येस, येस' म्हणायची. आज ना उद्या यांना कळेल की ही बाजवाल्याची पोरगी चुकून इथं आलीये, याच भीतीत पहिली दोन वर्षं गेली.

विद्यापीठाच्या बॅडमिंटन हॉलमध्ये रॅकेटला तार ओढायचं एक मशीन होतं. धड कोणाला येत नव्हतं, म्हणून एक दिवस मी हात घातला. उभ्या तारा, मग एक वर एक खाली करत आडव्या. हाताला ते ओळखीचं होतं. हळूहळू सगळा क्लब माझ्याकडेच रॅकेट आणून टाकायला लागला.

आप्पांना फोनवर दाखवलं तर त्यांना हसू आवरेना. "एवढीशी चाळणी? हिच्यावर कोण झोपतंय गं?"

"झोपत नाहीत आप्पा, हिनं बॅडमिंटनचं फूल मारतात."

"फूल मारायला एवढा ताण? लई अवघड लोकं बाबा."

विद्यापीठाच्या संघाला शिकवायला आठवड्यातून दोनदा एक जपानी बाई यायची. तिशी ओलांडलेली, बुटकी, खांद्यानं रुंद. हॉलच्या दारात थांबून आधी रिकाम्या कोर्टला वाकून नमस्कार करायची. सगळे तिला कोच म्हणायचे, मीही. पहिल्यांदा तिनं मी ओढलेली रॅकेट घेतली, तारांवर अंगठ्याच्या नखानं टिचकी मारली आणि कानाशी धरली. मला घाम फुटला. "कोणी शिकवलं?" म्हणाली. मी म्हटलं, वडिलांनी. पुढच्या खेपेला ती आपल्या स्वतःच्या रॅकेट घेऊन आली.

मी तार ओढायची तेव्हा ती शेजारी जमिनीवर बसून रॅकेटच्या मुठींना पट्टी गुंडाळायची आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायची. तिची सगळी कारकीर्द मला अशी तुकड्यातुकड्यानं कळली. बर्फाच्या गावातली मुलगी. शाळेच्या संघात पहिलं वर्षभर फक्त फुलं गोळा केली आणि फरशी पुसली. मग एका कंपनीच्या संघात निवड झाली. तिकडे खेळाडू कंपनीत नोकरीच करतात. ही दुपारपर्यंत ऑफिसात फोन घ्यायची, फायली लावायची आणि नंतर अंधार पडेपर्यंत खेळायची. दुहेरीतली जोडी प्रशिक्षक ठरवतात. एका सकाळी तिला सांगितलं, आजपासून तू हिच्याबरोबर. झालं. दोघी आठ वर्षं एका खोलीत राहिल्या.

"लग्नासारखं," मी म्हटलं.

"लग्नात नवऱ्याकडे पाठ करून उभं राहावं लागत नाही," ती म्हणाली. "दुहेरीत पुढची मागे वळून बघत नाही. बघितलं तर फूल तोंडावर येतं. मागची काय करते हे फक्त आवाजावरून कळतं."

त्या जोडीनं देशाच्या दुसऱ्या फळीपर्यंत मजल मारली. मग जोडीदारणीचा गुडघा दुखायला लागला. ती बोलली नाही. कोचला पावलांच्या आवाजावरून कळलं होतं, तीही बोलली नाही. "आम्ही दोघी एकमेकींना त्रास नको म्हणून गप्प," ती म्हणाली आणि पट्टी इतकी ओढली की फाटली. एका सामन्यात जोडीदारीण पडली ती पुन्हा खेळलीच नाही. कोचला नंतर दोन जोड्या लावून दिल्या, त्या जमल्या नाहीत. तिनं संघ सोडला आणि शिकवायला सिंगापूरला आली.

माझ्या तिसऱ्या वर्षी तिला पत्र आलं. जुन्या संघातली एक धाकटी मुलगी लिहीत होती की मलाही आता जोडी नाही, एकदा माझ्याबरोबर खेळा. शहराच्या दुसऱ्या भागात, तोआ पायोहच्या हॉलमध्ये एक लहानशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. दोघींनी नाव दिलं. कोचनं मला सरळ सांगितलं, "पहिला सामना हरलो तर रॅकेट ठेवून देणार. मुलीला उगाच अडकवणार नाही."

कोचला एकाच जातीची रॅकेट चालायची आणि ती बनवणं बंद झालं होतं. तीन उरल्या होत्या. सरावात त्यातली एक त्या धाकटीच्या रॅकेटवर आपटून मोडली. राहिल्या दोन. त्यातली चांगली तिनं सामन्याच्या आदल्या दिवशी माझ्या हातात दिली.

आता जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

माझ्या उभ्या तारा ओढून झाल्या आणि गाइडचा निरोप आला, लॅबमध्ये ताबडतोब ये. मशीनसाठी क्लबातली एक मुलगी ताटकळत उभी होती. "फास्टर लाह," म्हणत होती. घरी आप्पा उभ्या दोऱ्या ओढल्या की बाज तशीच भिंतीला टेकवून ठेवायचे. दोरी बसू द्यायची, मग आडवं विणायचं. मला त्यात काही चूक वाटली नाही, उलट वाटलं, बरंच आहे. रॅकेट मशीनवरून काढली, भिंतीला टेकवली आणि गेले.

बाजेला सागाची चौकट असते. रॅकेटची चौकट बोटाएवढी. नुसत्या उभ्या तारांचा ताण तिला एका बाजूनं दाबतो, आडव्या तारा आल्याशिवाय तो तोलला जात नाही. ताणावर डॉक्टरेट करणाऱ्या मला हे कागदावर दोन मिनिटांत मांडता आलं असतं. हात मात्र आप्पांचे होते.

तीन तासांनी परत येऊन आडव्या ओढायला घेतल्या. शेवटून चौथ्या तारेला 'टक' झालं. बारीक, नखावर नख आपटल्यासारखं. चौकटीच्या डाव्या खांद्याला रंगाखाली केसाएवढी रेघ होती. तिच्यावरून नख फिरवलं तर अडकलं.

मी काय केलं? उरलेल्या तारा ओढल्या, गाठी मारल्या आणि रॅकेट पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी क्लेमेंटीहून एमआरटीनं, तिथल्या मेट्रोनं, निघाले. स्पर्धेत तार ओढणारं कोणी नव्हतं, म्हणून क्लबचं छोटं हातमशीन चाकांच्या बॅगेत घेतलं होतं. मांडीवर रॅकेट. गाडीत थंडगार असून पाठ भिजली होती. मनात एकेक उत्तर तयार करत होते. रॅकेट जुनीच होती. सरावात लागलं असेल. कोणाला काय कळणार?

हॉलवर कोच वाट बघत होती. मी रॅकेट दिली. तिनं टिचकी मारली, कानाशी धरली. "छान," म्हणाली आणि सरावाला गेली.

मी बाकावर बसले. धाकटी पुढे जाळीपाशी, कोच मागे. कोच उडी मारून फूल खाली हाणायची आणि प्रत्येक आवाजाला माझे डोळे मिटायचे. मग मला दिसलं ते मी आदल्या दिवसापासून बघायचं टाळत होते. ही चौकट तुटेल तेव्हा तिचा तुकडा पुढेच उडणार. पुढे ती पोरगी होती, कोचकडे पाठ करून, केस वर बांधलेले, मान उघडी. ती मागे बघणार नव्हती. बघायचं नाही हे तिला शिकवलेलं होतं.

मला बाजेवरची ती म्हातारी आठवली. तिचा चेहरासुद्धा मी कधी पाहिला नव्हता.

मी थेट कोर्टात शिरले. बाहेरच्या बुटांसकट. कोणीतरी ओरडलं.

"कोच, थांबा. मारू नका."

"काय झालं?"

"रॅकेटला चीर आहे. मी पाडली. अर्धी ओढून ठेवून गेले होते."

तिनं नख फिरवलं. नख अडकलं. "केव्हापासून माहीत आहे?"

"काल दुपारपासून."

ती मोठ्यानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. "काल दुपारपासून," एवढंच पुन्हा म्हणाली. मग त्या मुलीला बोलावून माझ्यासमोरच जपानीत सगळं सांगितलं. मुलीनं आपसूक मानेवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही.

दुसरी रॅकेट होती, पण तिची तार महिनाभर जुनी, सैल. सामन्याला पाऊण तास होता. मला वाटलं, आता ही मला घरी पाठवणार. तिनं कात्री काढली, जुनी तार मधून बाहेर अशी सावकाश कापली आणि रिकामी चौकट माझ्यासमोर धरली.

"मी नको," मी म्हटलं. "माझ्याकडून पुन्हा..."

"इथं दुसरं कोण आहे?"

भिंतीशी जमिनीवर मशीन मांडलं. ती समोर मांडी घालून बसली. माझ्या हातातून तार दोनदा सुटली.

"पुन्हा सुटली."

"भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. ओढ."

उभ्या झाल्या. मी क्षणभर थांबले, तर तिनं बोट दाखवलं, "आडव्या. उठायचं नाही." शेवटची गाठ मारली तेव्हा माइकवरून त्यांच्या जोडीला बोलावलं जात होतं. तिनं टिचकी मारली नाही, कानाला लावली नाही. तशीच घेऊन गेली.

सामना मी बाकावर मान खाली घालून ऐकला. पहिला गेम गेला. दुसरा त्यांनी घेतला. तिसऱ्यात गुण बरोबरीला आले तेव्हा मी कान झाकले आणि लगेच काढले, कारण आवाज न येणं त्याहून भयंकर होतं. तो आवाज मला पाठ झाला होता. घट्ट, कोरडा, एकसारखा. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. वर बघितलं तर ती मुलगी रडत होती आणि कोच कोर्टला वाकून नमस्कार करत होती.

त्या जिंकल्या होत्या.

बाहेरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, तिघी नूडल्सचे वाडगे घेऊन बसलो. मुलगी माझ्याशी बोलली नाही. पण निघताना तिनं स्वतःची रॅकेट माझ्यापुढे ठेवली आणि दोन बोटं दाखवली. दुसऱ्या फेरीआधी ओढून हवी होती.

कोचनं चिरलेली रॅकेट माझ्या पिशवीत खुपसली. "ही तुझी. चुका सगळ्यांच्या होतात, त्या मोजत बसत नाही मी. काल दुपार ते आज सकाळ, तेवढं मात्र लक्षात ठेवीन."

मी आप्पांना फोन केला. रॅकेटची सगळी हकिकत ऐकवली. ते म्हणाले, "तू सांगितलंस?"

"हो."

"तोंडानं? सगळ्यांसमोर?"

"हो आप्पा."

"मग त्यांनी काय केलं?"

"पुन्हा माझ्याकडूनच विणून घेतली."

आप्पांनी फोन आईकडे दिला. तिनं विचारलं, जेवलीस का.

दुसऱ्या फेरीत त्या हरल्या. कोचनं रॅकेट ठेवून दिली नाही. ती जोडी पुढे तीन वर्षं खेळली आणि थांबण्याआधी तसलीच एक लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेतल्या दोघींच्याही रॅकेट मी ओढल्या होत्या, एका बैठकीत. त्याच वर्षी माझी डॉक्टरेट पूर्ण झाली. आमच्या घराण्यातली पहिली.