परकी चाकं

“हात लावून बगा, भाऊसाहेब.”

हे वाक्य मी त्याच्या तोंडून निदान शंभरदा ऐकलं असेल. गाडी थांबली की तो उतरे, चारही चाकांभोवती फिरे आणि प्रत्येक चाकाच्या मध्यावर, हबवर, उजवा तळवा टेकवून डोळे मिटे. आजाऱ्याच्या कपाळाला हात लावावा तसा. मग मला बोलावी. मी जात नसे. वही काढून मैल आणि वेळ लिहून घेई. हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नव्हता.

आधी व्यवहार सांगतो. सेहेचाळीस सालच्या डिसेंबरातला एक रविवार. भिंगार कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आवारात त्यानं चारशे रुपये मोजून दोन माणसांची, उघडी, लाल रंगाची शर्यतीची मोटार विकत घेतली. हजर माणसं तीन: विलायतेला निघालेला गोरा कप्तान, तो, आणि साक्षीदार म्हणून मी. त्याची बायको मिशनच्या शाळेत शिकवायची. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो. बाई त्या वेळी चर्चमध्ये होत्या. म्हणून तर व्यवहार झाला.

तो माझा शेजारी. लढाईच्या काळात लष्करी कारखान्यात फिटर होता. लढाई संपली, माणसं कमी केली, त्यात तोही गेला. चारशे रुपये ही त्या नोकरीची शेवटची रक्कम. भिंगारच्या बाजारात एक गाळा त्यानं हेरून ठेवला होता. गाळेवाल्यानं मार्चअखेरची मुदत दिली होती. गाडी दुरुस्त करून विकायची, आलेल्या पैशात गाळा घ्यायचा आणि स्वतःची पाटी लावायची, असा बेत.

बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा चालत प्यायचा. कप आमच्या ओट्यावर घेतला तर बशी गल्लीच्या टोकाला सापडे. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. तो समोर असला की आपल्यालाच उगाच उठावंसं वाटतं.

मोटार विटांवर उभी होती. तिची तारांची चाकं वाकली होती आणि त्या मापाचे टायर पुण्यात नाहीत, मुंबईतही नाहीत. इंजिन मात्र चाबूक लावल्यासारखं सुरू व्हायचं. त्यानं लष्कराच्या भंगारातून एका छोट्या मालमोटारीची चाकं आणली. पत्र्याची, जाड, पाच बोल्टांची, आणि मूळ चाकांपेक्षा मोठी. लाल गाडीच्या आसाला मात्र मधोमध एकच मोठा नट. एकाचं दुसऱ्यात जाणार कसं?

दोन महिने तो त्याच्यामागे होता. वाकलेल्या चाकांचे आसावर बसणारे मधले दातेरी तुकडे त्यानं कापून काढले, प्रत्येकाला लोखंडी थाळी जोडली, आणि त्या थाळीवर पाच बोल्टांनी नवं चाक आवळलं. फेब्रुवारीत गाडी विटांवरून उतरली, तेव्हा गल्ली हसून हसून बेजार झाली. चाकं मडगार्डच्या बाहेर चार बोटं आली होती.

“मिस्त्री, नवरीला आज्याचं जोडं घातलं का काय!” पलीकडचा शिंपी ओरडला.

“चालती का न्हाई ते बगा. जोडं तुमीच फुकट शिवून द्या मग.”

चालली. पण मीटर चुकू लागलं. रस्त्यावरचे मैलाचे दगड दहा झाले की मीटर नऊ दाखवी. मी हे वहीत दाखवलं तर तो हसला. “मीटर जुन्या चाकाच्या हिशेबानं चाललंय. चाक बदललं हे त्याला कुनी सांगितलंच न्हाई.”

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. थाळीच्या जाडीमुळे चाकं बाहेर गेली, त्यामुळे आतल्या बेअरिंगवर भार वाढला. दहा मैलांनंतर पुढचं डावं हब तापायचं. थांबून निवू दिलं की पुढचे दहा मैल बिनघोर. न थांबता पळवलं तर बेअरिंग कधी ना कधी जाम होणार, आणि वेगात असताना झालं तर काय होईल ते सांगायला नको. त्यानं ग्रीस बदललं, बेअरिंग बदललं. हब तापायचंच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात राहात्याच्या एका बागाईतदाराचा निरोप आला. मुलाचं लग्न होतं. वरातीला आणि पुढे मुलाला फिरायला लाल मोटार हवी होती. अकराशे देईन म्हणाला. मीटर खोटं, म्हणून दगड मोजायला त्यानं मला बरोबर घेतलं. निघताना बाई दारात आल्या.

“भाऊसाहेब, एक मागणं आहे. आजच्या दिवस आकडे बोलू नका.”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर ती होकारार्थी होती की नुसतीच, हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

राहुरी, कोल्हार करत आम्ही पोचलो. दर दहाव्या दगडाला मी हात वर करी, तो थांबे, उतरे, तळवा टेकवी. बागाईतदाराच्या वाड्यासमोर माणसं जमली. मुलगा लगेच स्टिअरिंगमागे जाऊन बसला आणि भोंगा वाजवू लागला. बागाईतदारानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडे वळला.

“तुमी जकातीचं कारकून ना? सरकारी मानूस. मग तुमीच सांगा, कशी आली गाडी?”

“ठीक आली,” मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. “अठ्ठेचाळीस मैल. चार वेळा थांबून.”

“चार येळा? आन् ते का?”

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं बागाईतदाराचा हात धरला आणि पुढच्या डाव्या हबवर नेऊन ठेवला.

“हात लावून बगा, पाटील. दहा मैलाला थांबवली तर लई वरसं जाईल. पोरगं थांबवनार हाय का?”

बागाईतदारानं भोंगा वाजवणाऱ्या मुलाकडे पाहिलं.

“न्हाई थांबायचं ते,” तो म्हणाला. “वरातीपुरती देता?”

“वरात किती, अर्धा मैल. तेवढ्याला नवरदेवापेक्षा गाडी थंड राहील.”

वरातीचे साठ रुपये ठरले. अकराशे गेले.

परतताना मला तोंड वर करवेना. पहिला दहावा दगड आला, मी हात वर केला. तो उतरला, तळवा टेकवला, आणि तसाच वाकून बोलला.

“तुमी बोलला नसता तर मी बोललो असतो का? काय की. तेच मला सांगता येत न्हवतं. म्हनून तर तुमाला नेलं.”

“म्हणजे दगड मोजायला नव्हे?”

“दगड मला मोजता येत्यात, भाऊसाहेब.”

नंतर आणखी तीन गिऱ्हाइकं आली. प्रत्येकाचा हात त्यानं हबवर नेला आणि तिघंही हात पुसत गेली. “ज्याला थांबायला सवड हाय, त्यालाच देनार,” म्हणायचा. बाई एकदा चिडून म्हणाल्या, “यांना स्वतःला बसून घास गिळता येत नाही, आणि गिऱ्हाईक हवं थांबणारं!” मार्च संपला. गाळा दुसऱ्याला गेला.

एप्रिलमध्ये त्याला मुंबईच्या एका मोटारखान्यात काम मिळालं. मी पुण्याच्या रस्त्यावरच्या नाक्यावर कामाला होतो. सकाळी लाल गाडी आली. शेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी, तिच्यावर घोंगडी. तो उतरला आणि सवयीनं चाकांभोवती फिरला. घर सोडून तीनच मैल झाले होते.

“हात लावून बगा, भाऊसाहेब.”

त्या दिवशी मी पावतीपुस्तक खाली ठेवलं, बाहेर आलो आणि पुढच्या डाव्या हबवर तळवा टेकवला. लोखंड किंचित थरथरत होतं. त्यानं इंजिन बंद केलं नव्हतं.

“कसं हाय?”

“कोमट.”

“किती कोमट?”

मला आकडा सांगता आला नाही. तो मोठ्यानं हसला. मग टोलसाठी खिसे चाचपू लागला. सुटे नव्हते, दहाची एकच नोट होती.

मे महिन्यात शाळा सुटल्यावर बाईही मुंबईला गेल्या. दोघं पुन्हा भिंगारला आली नाहीत. त्या गाळ्यात आता पिठाची गिरणी आहे. मी अजून मोटारीतून उतरलो की पुढच्या डाव्या चाकाशी वाकतो. ड्रायव्हर विचारतो, काही पडलं का. काही नाही म्हणतो.

त्या सकाळी नाक्याचा टोल होता मोटारीमागे आठ आणे. ते मी माझ्या खिशातून पेटीत टाकले, पावती फाडली आणि त्याच्या हातात दिली. भरणाराच्या जागी त्याचं नाव लिहिलं. आयुष्यात खोटी पावती मी तेवढी एकच फाडली.