डक्टमधली कबुतरं

"अहो, आत या! कोरडा झाडू फिरवू नका म्हणते ना!" वहिनी बाथरूमच्या दारातून अशी ओरडली, की खालच्या स्टँडवरच्या रिक्षा आपोआप चालू झाल्या असतील.

दादा, माझा थोरला भाऊ, खिडकीतून कमरेपर्यंत डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या पाइपांच्या अरुंद पोकळीत. कंपनीतून आणलेला मास्क हनुवटीवर, कारण मास्क लावून भांडता येत नाही. "उभा जन्म ॲसिडच्या पिंपांत गेला माझा. कबुतराची शिट मला काय करणार?"

अंबरनाथमध्ये खोकला आला की माणूस आधी एमआयडीसीकडे बघतो. दादाचा खोकला तर असा, की समोरच्या बिल्डिंगच्या काचा थरथरायच्या. वर्षभर आम्ही कंपनीच्या गॅसला शिव्या घातल्या. सुट्टीला घरी असला की तो जास्त खोकतो, हे आमच्या एवढ्या हुशार खानदानात कुणाच्या लक्षात आलं नाही. उल्हासनगरच्या छातीच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत?" वाळलेल्या शिटेची धूळ श्वासातून जाते, फुप्फुसं कडक होत जातात, म्हणाले. लांब राहा. आमचा दादा लांब राहायचं सोडून झाडू घेऊन थेट आत शिरला.

त्या डक्टमध्ये कबुतरांनी एवढा ऐवज साठवला होता, की त्यावर मेथी पेरून अख्ख्या बदलापूरला पुरवता आली असती. दादाने पहिला हात मारला आणि पांढरा ढग उठला. आधी दादा दिसेनासा झाला. मग नुसता खोकला. मग तोही थांबला.

"भावोजी, पाय धरा!"

मी पाय धरले, वहिनीने कंबर. आत ओढला तेव्हा ओठ निळे पडलेले, तोंड उघडं, आणि हवा काही आत जाईना. रिक्षात वहिनी त्याची पाठ चोळत "घ्या, श्वास घ्या" एवढंच म्हणत राहिली. मयतीतही ज्याचं तोंड बंद होत नाही असा मी, हॉस्पिटल येईपर्यंत त्याची छाती हलते का, तेवढंच बघत होतो.

संध्याकाळी, नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन दादा पुटपुटला, "जाळी बसवू. जातील कबुतरं."

वहिनी त्याची चादर सारखी करत म्हणाली, "राहू दे त्यांना. आपणच इथून जातोय, बदलापूरपुढच्या चामटोली गावात राहायला."