आता तुमचं सांगा

रुग्ण बाहेर पडला की डॉक्टरबाई मला माझे नाव विचारत. त्यांच्याकडे कामाला लागून वर्ष उलटले तरी रोज विचारत. "आता तुमचं सांगा. नाव? गाव? घरी कोण?" मी सांगायचो, "रशीद. करमाड. घरी आई, बायको. बहीण वाळूजला दिलीय." मग चहा यायचा. पहिले काही दिवस मला वाटे, औषधाची गरज बाईंनाच आहे.

मी आखातात बरीच वर्षे गाडी चालवली, म्हणून अरबी तोंडात बसलेली. बाई मनाच्या डॉक्टर, क्रांती चौकाच्या मागे त्यांचा दवाखाना. येमेनहून शिकायला आलेली आणि युद्धामुळे इथेच अडकलेली पोरे, मागाहून जीव घेऊन पळालेले त्यांचे नातलग, असे सगळे बाईंकडे येत. ते अरबीत बोलत, मी बाईंच्या शेजारी बसून मराठीत सांगे. बाईंची एकच अट होती. रुग्ण 'मी' म्हणाला की मीही 'मी'च म्हणायचे. "त्याला माझ्याशी बोलू द्या, रशीदभाई. तुम्ही मधी उभं राहू नका."

रुग्णाची खुर्ची दाराजवळ असे आणि दार सताड उघडे. कोणी मधेच उठून गेला तर बाई अडवत नसत. नबील (हे त्याचे खरे नाव नव्हे) सुरुवातीला कितीदा तरी उठून गेला. त्याच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा धाकटी बहीण ढिगाऱ्यात अडकली होती. तिचा हात त्याच्या हातात होता. दुसरा स्फोट झाला आणि त्याने हात सोडला. एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगे. बहिणीला नुसते 'ती' म्हणे, नाव घेत नसे. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाई, विचारून टाका की नाव."

"नाय हो. त्याचं तो घेईल. ज्या दिवशी घेईल त्या दिवशी लई रडंल, मग झोपंल. तोवर आपण बसायचं."

मी मात्र 'मी हात सोडला' असे इतक्यांदा म्हणालो, की ते वाक्य माझ्याबरोबर घरी यायला लागले. जेवताना उजवा हात जड वाटे. एकदा बाईंनी विचारले, "घरी कोण?" मी म्हणालो, "आई, बायको. बहीण ढिगाऱ्यात गेली." काय बोललो ते माझ्या लक्षातही आले नाही. बाईंनी माझा फोन माझ्यापुढे सरकवला. "लावा वाळूजला."

बहीण पलीकडून करवादली, "भाई, रोट्यां पका रई मैं, जल्दी बोलो!" मी तिथेच ढसाढसा रडलो. बाई म्हणाल्या, "याच्यासाठीच विचारते रोज. घ्या, चहा गार व्हायलाय."

बाई मागच्या उन्हाळ्यात अचानक वारल्या. मला तर पोरके झाल्यासारखे वाटले. स्मशानातून परतताना नबील आणि मी चौकातल्या टपरीवर थांबलो. माझ्या हातातला चहा गार होऊन गेला होता. नबीलने तो काढून घेतला आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारले, "नाव?" त्या उघड्या दाराबाहेर त्याने हे कितीदा ऐकले असेल.

"रशीद."

"गाव?"

"करमाड."

"बहीण?"

"वाळूजला. बरी आहे." मग मीही अरबीत विचारले, "आणि तुझी?"

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग त्याने तिचे नाव घेतले. ते मी इथे लिहिणार नाही. नाव घेऊन तो बाकावर बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

"माझ्या बहिणीचं नाव..." असे मराठीत सांगत मी सवयीने शेजारी वळलो. शेजारी कोणी नव्हते.