कंपनी एक जास्तीचा देते

वॉशिंग मशीन घरच्या घरी खोलली की शेवटी दोन गोष्टी उरतातच : एक स्क्रू आणि एक किस्सा. स्क्रू जब्बारमामू आपल्या सुपारीच्या डब्यात टाकायचे. किस्से माझ्याकडे साठत गेले.

माजलगावात आमच्या गल्लीत तिघांची टोळी होती. जब्बारमामू म्हणजे साखर कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. उद्धव माझा शेजारी, मोबाइलवर व्हिडिओ बघितला की आपल्याला सगळं येतं असं मानणारा. आणि मी शाळामास्तर, बॅटरी धरायला! मामूंना आता विसरण्याचा आजार झालाय. आम्हाला तो फार उशिरा कळला, तोवर आम्ही त्यावर हसत होतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हीही जरा जपून हसाल.

*

पहिलं ऑपरेशन आमच्याच घरी झालं. ड्रायर फिरत नव्हता. मामूंनी मागचं झाकण काढलं, पट्टा बसवला, झाकण लावलं. फरशीवर एक स्क्रू उरला.

"मामू, हा कुठला?"

"मास्तर, कंपनी एक जास्तीचा देते!"

ड्रायर सुरू केला तर मशीन थरथरत चालायलाच लागली. न्हाणीघरातून थेट व्हरांड्यात! उद्धव ओरडला, "पळाली, पळाली, धरा!" वायर ताणून प्लग निघाला तेव्हा कुठे ती थांबली.

मामू शांतपणे म्हणाले, "वायर लांब असती तर सिरसाळ्याला गेली असती बघा."

*

उद्धवनं नवी फुल ऑटोमॅटिक घेतली. चौथ्या दिवशी ती नुसती टुंग टुंग करायला लागली. यानं व्हिडिओ लावला आणि सगळी मशीन चादरीवर मांडली. मग मामूंना बोलावणं.

मामूंनी मशीनकडे बघितलंच नाही. सरळ जाऊन नळ सोडला. नळ कोरडा!

"पानी कवा येतं बे आपल्याकडं?"

"गुरुवारी."

"मग मशीन चांगली हाय. तिला फक्त आपला गुरुवार म्हाईत न्हाई!"

*

नांदूरघाटला माझ्या बहिणीच्या मशीनच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. मी मामूंना घेऊन गेलो. त्यांनी रंग बघून एकेक वायर जोडली, हात कसा सफाईदार! मशीन सुरू झाली आणि आतून खडखड आवाज यायला लागला. बहीण घाबरली. परत खोलली तर आत मामूंची पक्कड!

मी म्हणालो, "मामू, कंपनी आता पक्कडपण जास्तीची देते का?"

सगळे हसले. मामूही हसले, पण जरा उशिरा, आमच्या तोंडाकडे बघून. परतताना एसटीत त्यांनी मला तीनदा विचारलं, "आपन कुठं गेलतो, मास्तर?" घरी आल्यावर मी तेही उद्धवला रंगवून सांगितलं. त्याची मला आजही लाज वाटते.

*

एक दिवस मामींनी, म्हणजे मामूंच्या पत्नीनं, उद्धवला आणि मला बोलावून घेतलं. मामू अंगणात स्वतःची मशीन खोलून बसले होते. सकाळपासून चौथ्यांदा. बीडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, हे मामींनी तेव्हाच सांगितलं.

उद्धव हळूच म्हणाला, "मामी, मशीन बिघडलीय का खरंच?"

"न्हाई रे. रोज सकाळी मीच एक स्क्रू ढिला करून ठिवते. काम नसलं की लई घाबरतेत. काम दिसलं की मग दिवसभर बरे ऱ्हातेत."

"आणि करंट?"

"प्लग कापून टाकलाय."

"मग कपडे?"

"धुते की हातानं."

 

*

परवा रविवारी सकाळी दार वाजलं. बघतो तर मामू! इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात तो सुपारीचा डबा. मला बरंच वाटलं.

"या मामू, आत या!"

ते आत आले नाहीत. पायरीवरच उभे राहिले, अदबीनं.

"साहेब, तुमी ह्याच गल्लीतले ना?"

मला त्यांनी आजवर कधी साहेब म्हटलं नव्हतं. मी कसाबसा हो म्हणालो.

"हितं जब्बार नावाचा एक फिटर ऱ्हातो. वळखता का त्याला?"

"ओळखतो."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. आत स्क्रू वाजले.

"लई चांगला कारागीर हाय. पन इसरतो बिचारा, जिथं जातो तिथं एक स्क्रू लावायचा ऱ्हातो त्याचा. एवढे त्याला दिऊन टाका, साहेब. आन् त्याला हासू नका."